अळंबीचा अर्क आणि अब्जांश कण



पावसाळा स्थिरावला, आठ-पंधरा दिवसांच्या संततधारेनंतर मध्येच एखादे दिवशी कोवळे ऊन पडले, की रानात, शेताच्या बांधावर, वारुळाच्या अंगाखांद्यावर एका रात्रीत पांढऱ्याशुभ्र छत्र्या उभ्या राहतात. गोमंतकात त्यांना अळमी म्हणतात, इतरत्र अळंबी किंवा भूछत्र; कृषिशास्त्राच्या पुस्तकांत अळिंबी हा शब्द रूढ आहे. खाण्याजोगी अळंबी घरात आली की तिचे कालवण होते. न खाण्याजोगी असली, तर मुले तिला कुत्र्याची छत्री म्हणून काठीने उडवून लावतात. या दोहोंपलीकडे तिचा काही उपयोग असेल, अशी कल्पना आपल्या मनाला सहसा शिवत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी हीच अळंबी पाण्यात उकळून, तिच्या अर्काच्या साह्याने, अर्धसंवाहक पदार्थांचे असे सूक्ष्म कण तयार केले आहेत, की शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली धरले तरी ते दिसू नयेत. या रीतीला 'पर्यावरणस्नेही' असे विशेषण लावण्यात येते. ही रीत कोणती, तीत अळंबीचे काम नेमके काय, आणि ते विशेषण तिला कितपत शोभते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम अर्धसंवाहक म्हणजे काय, ते पाहू. तांब्याच्या तारेतून वीज सहज वाहते. काचेतून किंवा लाकडातून ती वाहत नाही. या दोन टोकांच्या मधोमध काही पदार्थ बसतात. त्यांतील इलेक्ट्रॉन एरवी आपापल्या जागी बांधलेले असतात. परंतु त्यांना ठराविक मापाची ऊर्जा मिळाली की ते बंधन तोडून मोकळे होतात. बद्ध इलेक्ट्रॉन आणि मुक्त इलेक्ट्रॉन यांच्यामध्ये जणू एक दरी असते, आणि ती ओलांडण्याइतकी उडी मारता आली तरच पलीकडे जाता येते. या दरीची रुंदी प्रत्येक पदार्थात निराळी. सिलिकॉनमध्ये ती सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, कॅडमियम सल्फाइडमध्ये सुमारे २.४, झिंक ऑक्साइडमध्ये सुमारे ३.३ आणि झिंक सल्फाइडमध्ये सुमारे ३.६. चित्रकारांच्या पेटीत 'कॅडमियम यलो' नावाचा झळझळीत पिवळा रंग असतो, तो हाच कॅडमियम सल्फाइड. प्रकाशातील निळ्या-जांभळ्या किरणांत ही दरी ओलांडण्यापुरती ऊर्जा असते. म्हणून तो पदार्थ ते किरण शोषून घेतो आणि उरलेला प्रकाश परत पाठवितो. तोच आपल्याला पिवळा दिसतो. झिंक ऑक्साइडची दरी याहून रुंद असल्यामुळे दृश्य प्रकाशातील कोणताच किरण ती ओलांडू शकत नाही, आणि म्हणून त्याची पूड पांढरी दिसते.

आता दुसरा शब्द, 'अब्जांश'. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यातील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. मराठीत त्याला अब्जांश मीटर असे सार्थ नाव मिळाले आहे. माणसाचा केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. ज्या कणांची लांबी-रुंदी एक ते शंभर नॅनोमीटरच्या आत असते, त्यांना सामान्यतः अब्जांश कण म्हणतात. पदार्थ एवढा बारीक केल्याने काय साधते? एक साधा हिशेब करून पाहावा. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याच्या सहाही बाजूंचे मिळून पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते. त्याच घनाचे दहा-दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर वस्तुमान तेवढेच राहते, परंतु पृष्ठफळ सहाशे चौरस मीटर होते. म्हणजे बोटाच्या पेरावर मावणाऱ्या पदार्थाला जवळजवळ सहा गुंठे जमिनीएवढा पृष्ठभाग लाभतो! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात, म्हणून अशा कणांची तत्परता विलक्षण वाढते. कॅडमियम सल्फाइडच्या तीन नॅनोमीटर व्यासाच्या कणात सारे मिळून पाच-सहाशे अणू असतात, आणि त्यांपैकी दर दहातील चारएक अणू थेट पृष्ठभागावर उघडे पडलेले असतात.

परंतु एवढ्यावरच गोष्ट संपत नाही. अर्धसंवाहकाचा कण काही नॅनोमीटरांपर्यंत लहान केला, की त्याची ऊर्जेची दरीच रुंद होऊ लागते. वादक सतारीवर बोट पडद्यापडद्याने घोडीकडे नेऊ लागला, की कंप पावणारी तार आखूड होते आणि स्वर चढत जातो. तार तीच, धातू तोच, ताण तोच. केवळ लांबी बदलल्याने स्वर बदलतो. कणात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनाचेही काहीसे असेच होते. त्याची जागा जितकी आखडावी, तितकी त्याची ऊर्जा चढते. त्यामुळे कॅडमियम सेलेनाइडचे सहाएक नॅनोमीटरचे कण तांबडा प्रकाश देतात, तर त्याच पदार्थाचे दोनएक नॅनोमीटरचे कण निळा. रंग बदलावयास पदार्थ बदलावा लागत नाही. माप बदलले की पुरे. अशा कणांना शास्त्रीय परिभाषेत क्वांटम बिंदू म्हणतात.

या शोधाचे मानकरी तीन. १९८१ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघात अलेक्सेई एकिमोव्ह यांनी रंगीत काचेतील कॉपर क्लोराइडच्या सूक्ष्म स्फटिकांचा अभ्यास करून मापाचा हा परिणाम दाखवून दिला. १९८३ मध्ये अमेरिकेत लुई ब्रुस यांना द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत तोच परिणाम आढळला. आणि १९९३ मध्ये मौंगी बावेंडी यांनी एकसारख्या मापाचे, निर्दोष कण हुकमी तयार करण्याची रीत बसविली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बावेंडी यांची रीत मोठी यशस्वी ठरली, परंतु ती सौम्य नव्हती. फॉस्फरसयुक्त सेंद्रिय द्रव सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापवावयाचा, हवेचा स्पर्श होऊ नये म्हणून निष्क्रिय वायूचे आवरण ठेवावयाचे, आणि त्यात डायमिथिल कॅडमियम हे संयुग एकदम टोचावयाचे, असा तो प्रकार होता. डायमिथिल कॅडमियम अत्यंत विषारी असून हवेत आपोआप पेट घेऊ शकते. पुढे त्याच्या जागी कमी धोक्याची संयुगे आली. तरी मोठी उष्णता, महागडे द्रावक आणि नंतर उरणारे सांडपाणी हे प्रश्न राहिलेच. १९९८ मध्ये पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. कचरा निर्माण करून मग तो निस्तरण्यापेक्षा तो मुळात होऊच देऊ नये, हे त्यांतील पहिले तत्त्व. या तत्त्वाच्या प्रकाशात अनेकांचे लक्ष सजीव सृष्टीकडे वळले.

सजीवांना ही विद्या अवगत होती काय? होती; परंतु ती त्यांनी आपल्या उपयोगासाठी नव्हे, आपल्या जिवाच्या रक्षणासाठी कमाविली होती. १९८९ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, दोन जातींच्या यीस्टना कॅडमियमच्या द्रावणात वाढविले असता त्यांच्या पेशींत कॅडमियम सल्फाइडचे सुमारे दोन नॅनोमीटरचे स्फटिक तयार होतात, आणि प्रत्येक स्फटिकाभोवती लहान प्रथिनसदृश साखळ्यांचे वेष्टन असते. कॅडमियम हे पेशीचे विष. ते मोकळे हिंडू लागले तर पेशीचा कारभार बिघडवील. म्हणून पेशी त्याला गंधकाशी जखडते आणि वर वेष्टन चढवून बाजूला ठेवते. ज्या वस्तूसाठी रसायनशास्त्रज्ञ तीनशे अंशांची भट्टी पेटवीत होते, ती वस्तू एक क्षुद्र पेशी साध्या पाण्यात, साध्या तापमानात घडवीत होती.

आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, या विषयातील काही पायाभूत काम पुण्यात झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचा उपयोग करून कॅडमियम सल्फाइडचे अब्जांश कण पेशीच्या बाहेर, द्रावणातच तयार करून दाखविले. या बुरशीचे नाव अपरिचित वाटले तरी तिचा प्रताप शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. हरभऱ्यावर आणि केळीवर पडणारा मर रोग तिच्याच निरनिराळ्या वाणांमुळे होतो. बुरशीच्या तंतूंना कॅडमियम सल्फेटच्या द्रावणात ठेवले असता त्यांतून पाझरणारी विकरे सल्फेटचे सल्फाइड करतात, आणि ते सल्फाइड कॅडमियमशी संयोग पावते. त्याच वर्षी आघारकर संशोधन संस्था आणि पुणे विद्यापीठ येथील मीनल कौशिक, किशोर पाकणीकर, सुलभा कुलकर्णी प्रभृतींनी यीस्टने घडविलेले कॅडमियम सल्फाइडचे कण वापरून प्रत्यक्ष डायोड तयार केला. सूक्ष्मजीवाने दिलेला कण विजेच्या मंडलात कामास लावता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले.

तथापि बुरशी वाढविणे हे जोखमीचे आणि वेळखाऊ काम आहे. सर्व साहित्य निर्जंतुक करावे लागते, वाढीला दिवसच्या दिवस लागतात, आणि पिकांना रोग पाडणारी बुरशी सांभाळताना ती बाहेर जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. येथे अळंबी मदतीस येते. अळंबी ही बुरशीच्याच कुळातली; आपण जी छत्री पाहतो, ते त्या कुळाचे फळ, आणि खरा देह म्हणजे जमिनीत किंवा काडात पसरलेले तंतूंचे जाळे. धिंगरी अळंबी भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर वाढविता येते. ती खाण्याजोगी आहे आणि बाजारात विकत मिळते. २०१४ मध्ये बंगालमधील संशोधकांनी धिंगरीच्या साह्याने झिंक सल्फाइडचे अब्जांश कण तयार केल्याचे प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये युक्रेनमधील संशोधकांनी त्याच जातीच्या अळंबीपासून कॅडमियम सल्फाइडचे क्वांटम बिंदू मिळविले. तेव्हापासून निरनिराळ्या अळंब्या आणि निरनिराळे धातू घेऊन असे प्रयोग अनेक ठिकाणी होत आले आहेत.

कृती ऐकाल तर ती स्वयंपाकघरातील वाटावी. अळंबी स्वच्छ धुऊन बारीक चिरतात, ऊर्ध्वपातित पाण्यात काही वेळ तापवितात आणि गाळून घेतात. फिकट तपकिरी रंगाचा हा अर्क. त्यात जस्ताच्या एखाद्या विद्राव्य क्षाराचे, उदाहरणार्थ झिंक ॲसिटेटचे, द्रावण मिसळतात. काही वेळाने सोडियम सल्फाइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडीत ढवळीत राहतात. द्रावण दुधाळ होऊ लागते. जस्ताऐवजी कॅडमियम असले, तर ते पिवळे होते. मग ते वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून तळाशी बसलेले कण वेगळे काढतात, धुतात आणि वाळवितात. तीनशे अंशांची उष्णता नाही, निष्क्रिय वायू नाही, पेट घेणारे संयुग नाही.

यात अळंबीने नेमके काय केले? येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वनस्पतींच्या किंवा बुरशीच्या अर्काने चांदीचे किंवा सोन्याचे कण तयार करतात, तेव्हा अर्कातील द्रव्ये धातूच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे शुद्ध धातूत रूपांतर करतात. झिंक सल्फाइडच्या बाबतीत तसे काही घडत नाही. जस्ताचा आयन जसाच्या तसा राहतो आणि बाहेरून घातलेल्या सल्फाइडशी जोडला जातो. ही जोडणी अळंबीवाचूनही झाली असती. किंबहुना झिंक आणि सल्फाइड एकत्र आले की ती क्षणार्धात होते. अडचण जोडणीची नसून आवरण्याची असते. कण जन्मताच एकमेकांना चिकटू लागतात, लहान कण विरघळून मोठ्यांत भर घालतात, आणि पाहता पाहता अब्जांश कणांचा साधा गाळ होऊन बसतो. भाताची शिते मोकळी राहावीत म्हणून गृहिणी त्यात तूप सोडते. तसे कणांमध्ये काहीतरी आडवे यावे लागते. अळंबीच्या अर्कातील प्रथिने आणि बहुशर्करा हे काम करतात. प्रथिनांतील नत्र आणि गंधक असलेले गट धातूच्या आयनांना आधीच धरून ठेवतात, त्यामुळे कण सावकाश वाढतो. आणि कण तयार होताच त्याच्याभोवती वेष्टन चढवून त्याला शेजाऱ्यापासून दूर राखतात. म्हणजे अळंबी येथे कणाची जननी नव्हे, दाई आहे. पुण्याच्या प्रयोगातील जिवंत बुरशी सल्फेटपासून सल्फाइड स्वतः तयार करीत होती. तिचे काम अधिक मोठे होते. जिवंत बुरशी आणि उकळलेला अर्क यांतील हा भेद अनेकदा विसरला जातो.

झिंक ऑक्साइडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अर्क आणि जस्ताचा क्षार यांच्यापासून जो साका मिळतो, तो पुष्कळदा भट्टीत काहीशे अंशांवर भाजावा लागतो, तेव्हा कोठे ऑक्साइडचे चांगले स्फटिक बनतात. अशा वेळी अळंबीची द्रव्ये जळून जातात, आणि उष्णता वाचविल्याचा दावाही बऱ्याच अंशी त्यांच्याबरोबर जळतो.

एवढे कण तयार झाले हे ओळखावयाचे कसे? केवळ रंग पाहून निर्णय देता येत नाही. पुडीवर क्ष-किरण सोडतात. स्फटिकातील अणूंच्या थरांमुळे ते ठराविक कोनांत विखुरतात, आणि कण जितका लहान तितकी त्या किरणांची शिखरे पसरट होतात. या पसरटपणावरून माप काढण्याचे सूत्र पॉल शेरर यांनी १९१८ मध्येच दिले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणाचे प्रत्यक्ष चित्र मिळते. आणि द्रावण कोणत्या तरंगलांबीपासून प्रकाश शोषू लागते हे पाहिले, की दरी किती रुंदावली हे कळते. साध्या कॅडमियम सल्फाइडमध्ये ही मर्यादा सुमारे ५१० नॅनोमीटर असते. कण लहान होत गेले की ती निळ्या-जांभळ्याकडे सरकते. तिन्ही परीक्षांची उत्तरे जुळली, तरच दावा मान्य करावयाचा.

अशा कणांचे अनेक उपयोग सांगितले जातात. त्यांपैकी एकाचा विचार करू. कापड रंगविणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी रंगीत असते, आणि त्यातील कित्येक रंग सहजासहजी कुजत नाहीत. अशा पाण्यात अर्धसंवाहकाचे कण सोडून त्यावर योग्य प्रकाश पाडला, की मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिकाम्या जागा मिळून पाण्यातील ऑक्सिजनपासून अत्यंत जहाल असे अल्पायुषी घटक निर्माण करतात, आणि ते रंगाचे रेणू तोडून टाकतात. अळंबीच्या साह्याने बनविलेल्या कणांचे असे प्रयोग प्रयोगशाळेतील चंचुपात्रात, बहुधा मेथिलीन ब्लूसारख्या एखाद्या रंगावर, यशस्वी झाले आहेत. परंतु चंचुपात्र म्हणजे नाला नव्हे. नाल्यात अनेक रंग, क्षार, साबण आणि गाळ एकत्र असतात, आणि पाण्यात सोडलेले कण पुन्हा गोळा करणे हेही सोपे नसते.

आता त्या विशेषणाकडे वळू. एखादी वस्तू अळंबीपासून झाली, म्हणून ती निरुपद्रवी झाली काय? कॅडमियमचे उदाहरण घ्यावे. जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी राहणाऱ्या लोकांना, विशेषतः वयस्क स्त्रियांना, एका भयंकर व्याधीने ग्रासले होते. हाडे ठिसूळ होऊन साध्या हालचालीनेही मोडत, आणि रोगी 'इताई, इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', असे कण्हत. तेच त्या रोगाचे नाव पडले. वरच्या बाजूच्या कामिओका खाणीतून नदीत येणारे कॅडमियम भातशेतीत शिरले होते, आणि भातातून माणसांच्या शरीरात. १९६८ मध्ये जपान सरकारने हे कारण अधिकृतपणे मान्य केले. कॅडमियम एकदा शरीरात शिरले, की मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचून राहते. प्रथिनाचे वेष्टन चढविल्याने त्याचा हा स्वभाव पालटत नाही. उलट कॅडमियम सल्फाइडचा कण पाण्यात प्रकाशाखाली ठेवला असता तो स्वतःच हळूहळू झिजतो आणि कॅडमियमचे आयन पाण्यात सोडतो. म्हणजे रंग काढावयास गेलो आणि विष घालून आलो, अशी स्थिती व्हावयाची! युरोपीय संघाने विजेच्या उपकरणांतील सामग्रीत कॅडमियमचे प्रमाण सामान्यतः शेकडा ०.०१ हून अधिक असू नये असा निर्बंध घातला आहे, आणि अनेक दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांत त्याऐवजी इंडियम फॉस्फाइडचे कण आले आहेत, ते याच कारणाने.

मग जस्त का वापरू नये? जस्त बरेच सौम्य आहे. अल्प प्रमाणात ते शरीराला आवश्यकही आहे. परंतु त्याची दरी रुंद असल्यामुळे त्याला अतिनील किरण लागतात, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा चार-पाच टक्क्यांहून अधिक नसतो. झिंक सल्फाइडमध्ये किंचित मँगनीज मिसळले तर नारिंगी प्रकाश देणारे कण मिळतात. अशा वाटांनी कॅडमियमला पर्याय शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. निसर्ग एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने मोजून घेतो, याचा प्रत्यय या शास्त्रात पावलोपावली येतो.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. कारखान्यात तयार झालेले रसायन प्रत्येक बाटलीत सारखेच असते. अळंबीचे तसे नाही. पेंढा कोणता, हवा कशी, अळंबी कोवळी की जून, यांवर अर्कातील प्रथिनांचे प्रमाण बदलते, आणि त्याबरोबर कणांचे मापही. ज्या शास्त्रात एका नॅनोमीटरच्या फरकाने रंग बदलतो, तेथे हा चंचलपणा लहानसा दोष नव्हे. म्हणून अर्कातील नेमके कोणते प्रथिन हे काम करते ते शोधून काढणे, हे या विषयातील खरे पुढचे पाऊल आहे.

या रीतीचा मोठा गुण असा की, ती थोड्या साधनांत होते. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयालाही, जेथे निष्क्रिय वायूची नळकांडी आणि महागडे द्रावक परवडत नाहीत, हा प्रयोग करता येतो. आणि जस्तासारखा सौम्य धातू घेऊन तो अवश्य करावा. परंतु याच सोपेपणात धोकाही दडलेला आहे. अर्क स्वयंपाकघरातला, पाणी साधे, उष्णता बेताची. मग उरलेले द्रावण मोरीत ओतावयास काय हरकत, असा विचार मनात येतो. त्या द्रावणात कॅडमियम असेल, तर ते मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून कोणाच्या तरी शेतात जाणार. प्रयोगशाळेतील भिंतीवर 'हरित' शब्द लिहिला म्हणून त्या शेतकऱ्याचे भात निर्विष राहत नाही. त्याचप्रमाणे, अशा प्रयोगात वापरलेली अळंबी किंवा तिचा चोथा पुन्हा अन्नात किंवा जनावरांच्या चाऱ्यात जाता कामा नये. अळंबीला जड धातू शोषून साठविण्याची मुळातच सवय आहे. कारखान्याच्या किंवा वाहत्या रस्त्याच्या कडेला उगवलेली अळंबी खाऊ नये, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

तेव्हा यापुढे वर्तमानपत्रात 'पर्यावरणस्नेही अब्जांश कण' असे शब्द वाचनात आले, तर श्रोत्यांनी तीन प्रश्न मनाशी विचारावेत. धातू कोणता? तो तयार करताना आणि नंतर भाजताना उष्णता किती लागली? आणि उरलेले पाणी कोठे गेले? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असली, तर ते विशेषण खुशाल मान्य करावे. एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर ती रीत अर्धीच हरित आहे असे समजावे.

यात निराश होण्याचे कारण नाही. यीस्टच्या पेशीपासून आपण एक युक्ती शिकलो: धातूला प्रथिनाचे वेष्टन घालून आवरून धरावयाची. परंतु त्या पेशीच्या वागण्यात दुसराही एक धडा होता. तिने कॅडमियमला जखडले, वेष्टिले आणि आपल्या पोटात बंदिस्त करून ठेवले. मोकळे सोडून दिले नाही. पहिला धडा आपण झटपट आत्मसात केला. दुसरा धडा गिरविण्यास अद्याप पुष्कळ अवकाश आहे, आणि ज्या दिवशी तो पुरा होईल, त्या दिवशी 'पर्यावरणस्नेही' हे विशेषण कोणाला चिकटवावे लागणार नाही; ते त्या कामाच्या अंगीच असेल.